बबडीचा नंबर

पोलीस ठाण्याच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या छपराखाली मावशींचं इस्त्रीचं टेबल होतं. ठाण्यातल्या झाडून सगळ्यांचे गणवेश त्यांच्या हातून जात. कुणाच्या विजारीची शिवण उसवली आहे, कुणाचं पोट सुटल्यामुळे बटण ताणलं जातंय, हे त्या माणसाच्या बायकोच्या आधी मावशींना कळे. आज त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. ठाण्याला सरकारी अनुदान मिळालं होतं, त्यातून लोकांसाठी नवी संगणकाची खोली उभी राहिली होती आणि तिचं उद्घाटन करायला वरचे अधिकारी येणार होते.

"इस्त्री एकदम कडक हवी हं मावशी," ठाण्याचे साहेब स्वतः येऊन सांगून गेले. "आता लोकांना आमची तोंडं बघायची गरजच नाही. पडद्यावर बोट ठेवायचं की तक्रार दाखल. पुढचं सगळं फोनवर कळणार."

"मग तुम्ही काय करणार साहेब?"

"आम्ही तुमच्या इस्त्रीचे कपडे घालून बसून राहणार," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

मावशीही हसल्या. पण ती खोली त्यांना मनापासून आवडली होती. काचेचं दार होतं, त्याला आतून पडदा होता, आत एक खुर्ची आणि एक संगणक, बस्स. बाकावर ताटकळायला नको, चार जणांच्या नजरा नकोत. ज्याच्या घरातलं दुखणं चव्हाट्यावर यायचं भय असतं, त्यालाच अशा आडोशाची किंमत कळते. आणि मावशींच्या घरात तसं दुखणं होतं.

त्यांची एकुलती एक लेक, बबडी, सासरी मार खात होती. मावशींना ते ठाऊक होतं, बबडीच्या बापाला ठाऊक होतं, शेजारपाजाऱ्यांनाही ठाऊक होतं. जे सगळ्यांना ठाऊक असतं त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही आपल्याकडची जुनी शिस्त. बबडी दोनदा माहेरी निघून आली होती आणि दोन्ही वेळा घरात बैठक बसली होती. मोठे काका, जावयाचे मामा, कुणी एक वजनदार शेजारी. पुरुषांनी तासन्‌तास खल केला आणि त्यांच्यासाठी चहा केला तो बबडीनेच. सुजलेल्या मनगटाने तिने कप धरले होते, एका कपातला चहा बशीत सांडला होता, आणि तिचे काका म्हणाले होते, "बाळ, जरा सांभाळून." मग जावयाने मान खाली घालून "पुन्हा नाही होणार" म्हटलं आणि बबडीची पिशवी भरली गेली. पिशवी भरणाऱ्या मावशीच होत्या.

बबडीला स्वतःचा फोन नव्हता. लग्नाआधीचा होता, तो विहीणबाईंनी "घरात एवढे फोन असताना हिला वेगळा कशाला?" म्हणून मोडीत काढला. बबडीच्या बापालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लग्न झालं त्याच आठवड्यात जावयाने मावशींचा फोन हातात घेतला, 'बबडी' असं नाव टाकलं आणि त्यापुढे आपला नंबर भरला. "आई, लेकीची आठवण आली की इथंच लावायचं," असं तो लाघवीपणाने म्हणाला होता. तेव्हापासून मावशी त्या नावावर बोट ठेवत, पलीकडून जावयाचा आवाज येई, "देतो हं," आणि मग बबडी. तिचं सगळं बोलणं "मी बरी आहे" एवढ्यात संपे. पण इतकी वर्षं त्या नंबराला मावशी बबडीचाच नंबर म्हणत आल्या होत्या.

उद्घाटन थाटात झालं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्यानंतर दोन-चार दिवसांत, भर दुपारी, बबडी टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात भाजीची पिशवी होती आणि पिशवीत काहीच नव्हतं. मानेभोवती तिने ओढणी घट्ट गुंडाळली होती.

"आई, वेळ नाही. उशीर झाला तर विचारतील."

मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली. "काय झालं गं?"

बबडीने ओढणी जराशी सैल केली आणि लगेच आवळली. पाहायचं ते मावशींनी पाहिलं.

"या खेपेला बैठक नको, आई. बाबांनाही सांगू नकोस. ते पुन्हा काकांना बोलावतील. तू पोलिसांत सांग. तुझी ओळख आहे ना सगळ्यांशी?"

"तू इथंच थांब. आत्ता जाऊ आत."

"आत्ता नको. मी घरी नाही दिसले तर तो आधी इथंच येईल. तू सांग, आणि त्यांना म्हण, त्याला कळायच्या आत कुणीतरी घरी या. आधी कळलं ना, तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मग आईच्या हाताला हात लावून म्हणाली, "किती तापलाय गं तुझा हात."

ती गेली. या वेळी मावशींना मार्ग दिसत होता. त्याच पावली त्या काचेच्या खोलीत गेल्या.

तिथे बसणारी शिपाई मुलगी नव्यानेच भरती झालेली होती. तिच्या पहिल्या गणवेशाची पहिली इस्त्री मावशींनी एक पैसा न घेता करून दिली होती. तिने मावशींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मावशी सांगत गेल्या तसं भराभर टाइप केलं. लिहिता लिहिता तिचेही डोळे भरून आले. मग पडद्यावर एक रकाना उघडला.

"मावशी, बबडीचा फोन नंबर?"

मावशी क्षणभर घुटमळल्या. "माझा दिला तर?"

"तक्रार तिची आहे ना, मग तिचाच लागतो. रिकामा सोडला तर पुढचं पानच उघडत नाही."

मावशींनी फोन काढला, 'बबडी' शोधलं आणि तो मुलीच्या हातात दिला. मुलीने बघून बघून आकडे भरले. बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि खाली आलं, आपली तक्रार सुरक्षित आहे.

"त्याला कळायच्या आत जातील ना गं कुणी?"

"त्याला कसं कळेल मावशी? या खोलीतलं बाहेर जात नाही."

त्या संध्याकाळी मावशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवल्या. नवऱ्याने विचारलं, "आज स्वारी खुशीत दिसतेय?" त्या नुसत्या हसल्या. आपण लेकीसाठी एकदा तरी धडपणे काही केलं, असं त्यांना वाटत होतं, आणि त्या समाधानाने त्यांना झोपही छान लागली.

सकाळी त्या टेबलापाशी इस्त्रीतले निखारे फुलवत होत्या, तोच शिपाई मुलगी धावत आली. "मावशी, तुमची तक्रार निकाली निघाली! साहेबसुद्धा खूश आहेत. पहिल्याच महिन्यात एवढ्या लवकर निघालेली ही पहिली."

"म्हणजे पकडलं त्याला?"

"नाही, तशी वेळच आली नाही. कुणाला पाठवायचं हे ठरायच्या आतच बबडीने स्वतः कळवलं की समेट झाला, तक्रार मागे घेते. तिच्या फोनवर आकडे जातात ना खात्रीसाठी, ते तिने बरोबर भरले. 'सेवेबद्दल समाधानी' असंही लिहिलंय."

"तिच्या फोनवर?" मावशी म्हणाल्या. "तिच्याकडे फोन कुठंय?"

"अहो, तुम्हीच तर नंबर दिलात..."

मावशींनी फोन बाहेर काढला आणि 'बबडी' या नावाकडे पाहिलं. मग त्या चपला न घालताच धावत सुटल्या.

बबडीच्या घराला कुलूप होतं. समोरच्या बाईने दार किलकिलं करून सांगितलं, "दवाखान्यात नेलंय. जिन्यावरून पडली म्हणतात." आणि मग खालच्या आवाजात, "संध्याकाळी ओरडत होता, कुठल्या तोंडाने पोलिसांत गेलीस म्हणून. ती म्हणत होती, मी नाही गेले, मी नाही गेले."

मावशी दवाखान्यात पोचल्या तेव्हा बबडीच्या चेहऱ्यावरून चादर ओढलेली होती.

पुढचं सांगताना माझीही लेखणी अडखळते, पण सांगायला हवं. चार दिवस उलटतात न उलटतात तोच घरात पुन्हा बैठक बसली. तेच काका, तेच मामा. मामा म्हणाले, "गेलेली काही परत येत नाही. उगाच ठाण्याच्या पायऱ्या झिजवून दोन्ही घरांची शोभा कशाला?" बबडीचे बाबा जमिनीकडे बघत बसले होते. कुणीतरी सवयीने आत वळून म्हणालं, "वहिनी, चहा टाका जरा."

मावशी बाहेर आल्या. "चहा करणारी गेली," त्या म्हणाल्या. "उठा सगळे. माझ्या घरात पुन्हा बैठक बसणार नाही."

कुणी उठेना, तेव्हा त्याच उठल्या आणि ठाण्यात गेल्या. बबडी गेली त्याच दिवशी पकडलेला जावई आत कोठडीत होता. साहेबांनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं, दार लोटलं. माणूस वाईट नव्हता, त्यालाही मुली होत्या.

"जबाब द्या मावशी, मी त्याला सोडत नाही," ते म्हणाले. "फक्त तक्रारीचा संदेश त्याच्या फोनवर गेला, ती गोष्ट तेवढी नको. अनुदानाचा पुढचा हप्ता या खोलीच्या कामगिरीवर अवलंबून आहे. बोभाटा झाला तर खोली बंद पडेल, आणि उद्या ज्या बायकांना तिचा उपयोग झाला असता त्यांचं काय? शिवाय नंबर तुम्ही दिलात. कोर्टात त्याचा वकील तुम्हालाच उभं करून विचारेल. तुम्हाला सोसवेल का ते?"

बोलणं बिनतोड होतं. ते गाळलं असतं तर कुणाचंच बिघडणार नव्हतं, मावशींचं तर मुळीच नाही. लेकीला जावयाने मारलं, एवढंच जगाला कळलं असतं. आईने तिची एकच विनंती तिला मारणाऱ्याच्याच खिशात पोचवली, हे कळलं नसतं. मावशींनी पदराने तोंड पुसलं.

"ती मरताना काय म्हणत होती माहीत आहे साहेब?" त्या म्हणाल्या. "मी नाही गेले, म्हणत होती. खरंच बोलत होती ती. गेले मी होते. तिला वाटलं असेल, आईनेच सांगितलं त्याला. हे मनात घेऊन गेली माझी पोर. सगळं लिहा. नंबर मी दिला, लिहा. तो कुणाच्या हातात असतो हे मला कुणी विचारलं नाही, तेही लिहा. खोली बंद पडू दे नाहीतर चालू राहू दे. पण न विचारता चालणार असेल तर ती बायकांसाठी नाही, त्यांच्या नवऱ्यांसाठी आहे."

साहेबांनी दार उघडून शिपाई मुलीला हाक मारली.

वाचकहो, आपल्या फोनमध्ये लेकीच्या, बहिणीच्या नावापुढे कुणाचा नंबर आहे, तो उचलतं कोण, हे आपण आज एकदा पाहावं, एवढंच माझं मागणं आहे. सरकार खोल्या बांधील, पडदे लावील. पण बाईच्या हातात तिचा आवाज आपण घरातच ठेवला नाही, तर सरकार तो आणणार कुठून?

मुलीने जबाब टाइप केला. मावशी सांगत होत्या, ती लिहीत होती, आणि मध्ये मध्ये दोघींनाही थांबावं लागत होतं. शेवटी तोच रकाना आला, तक्रारदाराचा नंबर. मावशींनी आपला नंबर सांगितला. मुलीने आकडे भरले, पण बटण दाबलं नाही. तिने हात मांडीवर घेतले आणि मावशींकडे वळून विचारलं,

"मावशी, हा फोन कुणाच्या हातात असतो?"

मावशींनी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून त्या रडत राहिल्या.