निघताना वाचायचं स्तोत्र

लताबाईंच्या उशाशी स्टुलावर औषधांच्या सहा पट्ट्या होत्या, पाण्याचे दोन पेले, एक थर्मामीटर आणि प्रार्थनेला आलेल्यांनी आणलेली नऊ सफरचंदं. त्यातलं एकही चिरलेलं नव्हतं.

दिंडोरीच्या वायनरीत प्रयोगशाळा सांभाळणारी त्यांची मुलगी योगिनी रजा टाकून इंदिरानगरच्या घरी बसली होती. रस बिघडला असेल तर मालकाच्या तोंडावर आकडा सांगायला ती कधी कचरली नव्हती. आईच्या यकृताचा रिपोर्ट मात्र चार दिवस तिच्या पर्समध्ये घडी होऊन पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, आता आठवडेच मोजायचे. आईला तिने सांगितलं, "सूज आहे, उतरेल."

गोळ्यांनी दुखणं थांबलं होतं, तरी तीन दिवस लताबाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपारी त्या म्हणाल्या, "योगू, शास्त्र काढ. मला अक्षरं दिसत नाहीत आता. एखादं स्तोत्र वाच."

"कुठलं?"

"तुला येईल ते."

योगिनी सात वर्षं चर्चची पायरी चढली नव्हती. बायबलमधलं लहानपणी पाठ केलेलं एकच स्तोत्र तिला आठवत होतं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ', तेविसावं. तिने दोन ओळी वाचल्या आणि आईने हात वर केला.

"थांब गं बाई! अजून माझी आंघोळ व्हायचीय, आणि तू मला उचलायलाच निघालीस?"

"म्हणजे?"

"आपल्या मंडळीत मयताची पेटी घरातून उचलताना वाचतात हे. आजाऱ्याच्या खाटेपाशी कुणी ते पान उघडत नाही. तुझ्या बाबांच्या वेळी..." बाबांना नेलं तेव्हा योगिनी पुण्यात परीक्षेला होती. ती पोचली तोवर माती देऊन झाली होती.

"चुकून वाचलं गं, आई."

"वाचलंस चुकून. रडतेयस ते चुकून नाही. किती दिवस?"

योगिनीने शास्त्र मिटलं. "पाच-सहा आठवडे. कदाचित कमी."

लताबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या, आवाज न करता. मग म्हणाल्या, "वाटलंच होतं. झोपले आणि उठलेच नाही तर, म्हणून जागत होते. एकटीच स्वतःची राखण करत बसले होते." त्यांनी नाक पुसलं. "एकशे एकविसावं काढ. निघताना वाचायचं."

योगिनी पुण्याला शिकायला निघाली तेव्हा बॅगा उंबऱ्यात ठेवून आईने तेच वाचलं होतं. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता आणि योगिनी सारखी घड्याळ बघत होती. आज ती एकेक शब्द सावकाश वाचत गेली. डोंगरांकडे लागलेले डोळे आले, उजव्या हाताशी धरलेली सावली आली, आणि राखणदार देव, ज्याला डुलकी लागत नाही.

"ते परत वाच. डुलकीचं."

तिने वाचलं.

"मग दोघांनी कशाला जागायचं?" लताबाई म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

योगिनीने आईचा हात धरला आणि स्तोत्र पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. मध्ये तिने बाहीने डोळे पुसले, पण ते शेवटपर्यंत नेलं.

त्या दुपारी लताबाई तीन तास वीस मिनिटं झोपल्या.