टिक ऐकू आली होती

त्या वर्कशॉपात नोकरी मागायला येणाऱ्याची प्रमाणपत्रे कोणी पाहत नसे. खडकावर, वाळूत, चिखलात कुठेही चालणाऱ्या फुगीर चाकांच्या एटीव्ही तिथे दुरुस्तीला येत. अशा एका धडधाकट गाडीत जुन्या माणसाने मुद्दाम विजेचा बिघाड करून ठेवायचा आणि नव्याने तो अर्ध्या तासात शोधायचा, असा तिथला रिवाज होता. बिघाड कोणता ते लिहिलेली चिठ्ठी आधीच मालकांच्या खिशात जाई, म्हणजे मागाहून कोणाला शब्द फिरवता येऊ नये. बिघाड करण्याचा मान गेली बावीस वर्षे वस्तादांचा होता. आणि या मंगळवारी परीक्षेला उभा राहणारा माणूस त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

कारखाना बंद पडून मेहुण्याला आठ महिने झाले होते. रविवारी बहीण त्याला घेऊन वस्तादांच्या घरी आली.

"दादा, एवढं एक कर. काहीतरी सोपं ठेव. यांचा हात चांगला आहे रे, पण चार माणसं बघायला लागली की यांना घाम फुटतो."

"तू सांगायला हवंस का?" वस्ताद म्हणाले, आणि मेहुण्याकडे वळले. "हे बघा जावईबापू, सीटखाली फ्यूजचा डबा असतो. त्यातला स्टार्टरचा फ्यूज उडवून ठेवतो. पण लगेच हात घालू नका. पंचवीस मिनिटं इकडंतिकडं करा. चटकन सापडला तर मालक म्हणतील, मी तुम्हाला आधीच फोडून सांगितलं."

"दादा, शोधला असता मी. सांगायची गरज नव्हती."

"गरज तुम्हाला नाही, माझ्या बहिणीला आहे."

बहिणीने डोळे पुसले.

वस्तादांच्या मनात जे होते ते दोन वर्षांपूर्वीचे होते. त्यांच्याच घरातली पाण्याच्या पंपाची मोटर त्यांनी तीन तास उघडून ठेवली होती आणि याच मेहुण्याने ती दहा मिनिटांत सुरू केली होती. त्याने फुशारकी मारली असती तर वस्ताद ते विसरूनही गेले असते. पण तो म्हणाला होता, "दादांनी जवळजवळ केलंच होतं." तेव्हापासून घरात काहीही मोडले, की बायको विचारी, "त्यांना बोलावू का?" हा माणूस उद्या वर्कशॉपात आला, की तेच वाक्य मालकांच्या तोंडी यायला किती दिवस लागतील, याचा हिशेब वस्तादांनी केव्हाच केला होता.

सोमवारी त्यांनी फ्यूजला बोटही लावले नाही. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या अंगाला जाणारी जाड वायर, जिला ते लोक अर्थ म्हणत, तिचा बोल्ट त्यांनी सोडवला. वायरीच्या कडीला, बोल्टच्या आट्यांना आणि खालच्या लोखंडाला पारदर्शक वार्निशचा हात दिला, तो वाळू दिला, मग बोल्ट पूर्ववत आवळला. दिव्यांची आणि बटणाची बारीक अर्थ वेगळी होती, तिला त्यांनी हात लावला नाही. डोळ्यांना दिसावे असे काहीच उरले नाही. चिठ्ठीत त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले: 'अर्थची वायर.'

मंगळवारी दहाच्या ठोक्याला मेहुण्याने किल्ली फिरवली. दिवे लागले. त्याने स्टार्टरचे बटण दाबले. इंजिन ढिम्म हलले नाही. मात्र सीटखालून बारीकशी 'टिक' आली.

त्याची मान किंचित कलली, आणि ते फक्त वस्तादांनी पाहिले. ही टिक रिलेची, म्हणजे बटण दाबताच स्टार्टरला वीज सोडणाऱ्या खटक्याची. फ्यूज उडालेला असता तर रिलेपर्यंत वीजच पोहोचली नसती आणि टिक वाजली नसती. कानात हुन्नर असलेल्या माणसाला एवढे पुरे होते. मेहुण्याने डोळे वर करून वस्तादांकडे पाहिले. तो शुद्ध प्रश्न होता. वस्तादांनी पापण्या हळूच मिटून उघडल्या, मान जरा हलवली: आहे, आहे, बरोबर आहे.

आणि त्या माणसाने स्वतःच्या कानापेक्षा बायकोच्या भावावर विश्वास ठेवला.

मग ते नाटक सुरू झाले. नाटक त्याला येत नव्हते. तो हेडलाइटच्या वायरी चाचपी, हँडलचे स्विच पुसून पुन्हा पुसे, उगाच वाकून चाकाखाली पाही.

"भाऊ, गाडीला गुदगुल्या करताय का?" रंगारी ओरडला.

"लाजतीय ती! जरा दमानं घ्या!" वेल्डरने साथ दिली.

सगळे हसले; वस्तादही हसले. मालक हसले नाहीत. ते घड्याळाकडे नव्हे, मेहुण्याच्या हातांकडे बघत होते.

पंचविसाव्या मिनिटाला त्याने सीट उचलली, डबा उघडला, फ्यूज उपसून उजेडात धरला. आतली पट्टी अखंड होती. त्याने फ्यूज उलटा करून पाहिला, शेजारचे दोन उपसले, ते परत बसवले. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला. या खेपेला मात्र त्याने वस्तादांकडे पाहिले नाही.

मग त्याचे हात बदलले. त्याने मीटर उचलला. बॅटरी मोजली, भरलेली. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनाच्या अंगावर टेकवून त्याने कोपराने बटण दाबले. काटा थेट बाराजवळ गेला. वाट मोकळी असती तर तो शून्यापाशी बसून राहिला असता. मेहुणा गुडघ्यांवर बसला, पाना घेतला, आणि त्याचा हात अर्थच्या बोल्टकडे सरळ निघाला.

"वेळ संपली," वस्ताद म्हणाले. घड्याळ त्यांच्याच हातात होते. अजून सव्वा मिनिट बाकी होते.

हात जिथे होता तिथे थांबला.

मालकांनी चिठ्ठी उघडून वाचली. "शेवटच्या पाच मिनिटांत तुम्ही मेस्त्री होतात," ते म्हणाले. "आधीची पंचवीस काय करत होतात? मला खरं सांगा. काही कारण असेल तर मी ऐकून घेईन."

वस्तादांनी घड्याळ खिशात टाकले. मेहुणा पाना पुसत उभा राहिला.

"घाबरलो, साहेब."

"घाबरणारा माणूस मला नको."

नळाशी हात धुताना दोघेच होते. "दादा, टिक ऐकू आली होती मला," मेहुणा हळू आवाजात म्हणाला.

"मग?"

"तुम्ही सांगितलं होतं ना."

"कुणी सांगितलं म्हणून कान बंद करायचे? लहान आहात का?" वस्तादांनी साबण त्याच्याकडे सरकवला. "नखं घासा नीट. काळी दिसतात."

बहीण वस्तादांच्या घरी सकाळपासून बसून होती. दोघे दारात येताच ती उठली. "झालं ना?"

वस्ताद काही बोलणार, तोच मेहुणा म्हणाला, "दादांनी कबूल केल्याप्रमाणे सोपंच ठेवलं होतं. माझंच डोकं चाललं नाही."

वस्ताद चमकले. हा उपकार त्यांनी मागितला नव्हता. पुन्हा तेच, पुन्हा हा माणूस त्यांना झाकायला पुढे झाला होता, आणि त्यांच्याच घरात. एक शब्द बोलले असते तर सगळे उलगडले असते. त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, त्या भिंतीला नीट लावून ठेवल्या.

"सांगून ठेवलेलंसुद्धा सापडलं नाही तुम्हाला?" बहिणीचा आवाज चिरला. "आठ महिने मी लोकांना काय सांगत फिरले? हात चांगला आहे, हात चांगला आहे! आणि दादाची मान खाली घातलीत सगळ्यांसमोर!"

"असू दे गं," वस्ताद म्हणाले. "मी बोललो मालकांशी. पण तुला म्हणून सांगतो, या कामाच्या नादाला आता लावू नकोस यांना. दुसरं काहीतरी बघा. पहारेकरी वगैरे."

मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर वस्तादांना बरे वाटले असते.

"बरोबर आहे दादांचं," तो म्हणाला.

बहिणीने पिशवी उचलली, भावाला वाकून नमस्कार केला आणि ती पायऱ्या उतरून चालू लागली. नवऱ्यासाठी ती थांबली नाही.