चार चादरींचं आकाश

आमच्या गावात कुणी घराला एक खोली वाढवतोय म्हणालं, की ऐकणारा एक डोळा मिटतो. गावाच्या हद्दीत ओपल, म्हणजे आत रंग खेळणारा तो महागडा दगड, खणायला बंदी आहे, घर खणायला नाही. वर ऊन असं की कोंबडी अंडं उकडूनच घालेल, म्हणून निम्मं गाव टेकड्यांच्या पोटात राहतं. तेव्हा ज्याच्या नाकाला ओपलचा वास लागतो, त्याला अचानक पाहुण्यांसाठी खोली हवीशी वाटते. पाहुणे कुणाकडेच येत नाहीत. या वाळवंटात कोण येतंय मरायला? खोल्या मात्र वाढत राहतात. मला ठाऊक आहे, कारण त्यातल्या बऱ्याच माझ्याच मशीननं खणल्यात.

पांतेलिस काका यातले महाराज. त्यांचं घर म्हणजे उंदराचं बीळ. एक भुयार डावीकडे जायचं, एक उजवीकडे, एक दिवाणखान्यातून निघून थेट भिंतीला धडकायचं. त्याला ते न्हाणीघर म्हणायचे, तिथं पाण्याचा थेंब कधी आला नाही. काका वारले आणि त्या बिळात मारिगो मावशी एकटी राहिली. नात्यानं मावशी नाही, पण समुद्रापलीकडच्या आमच्या बेटावरून इथं आलेल्या सगळ्या बायका आम्हाला मावश्याच.

एक दिवस तिनं मला टेकडीच्या माथ्यावर बोलावलं. बघतो तर जमिनीवर चार मोठ्या चादरी एकमेकींना चिकटवून पसरलेल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडांवर दगड. मला वाटलं, धुणं वाळत घातलंय.

"एवढं आकाश पाहिजे मला," मावशी म्हणाली. "वरपासून खाली घरापर्यंत."

म्हणजे टेकडी चौकोनी कापायची. मध्ये काकांच्या ज्या खोल्या येतील त्या जाऊ द्यायच्या. उरतील त्यांना दारं काढायची, सगळी चौकात उघडणारी. बेटावर तिच्या आईचं घर तसंच होतं. रस्त्याकडे नुसती कोरी भिंत, आणि आत शिरलं की चौक, अंजिराचं झाड, चारी बाजूंनी दारं. मी विचारलं, आधी स्वयंपाकघर कुठं, झोपायची खोली कुठं ते तर ठरव. ती म्हणाली, आधी मधलं मोकळं ठरतं, मग बाकीचं आपापल्या जागी जाऊन बसतं. तुझ्या काकांनी आधी भिंती केल्या, म्हणून जन्मभर बल्ब लावून भाजी चिरली मी.

मी शहाणपणा करून बेटावरच्या घराचा आराखडा जसाच्या तसा काठीनं धुळीत काढून दाखवला. तिनं चपलेनं पुसला.

"गाढवा, तिथं सूर्य दक्षिणेकडून जायचा, इथं उत्तरेकडून जातो. आईचं घर उलटं करून घे."

त्याआधी सगळा हिवाळा ती माथ्यावर खुर्ची टाकून बसायची, तेव्हा गाव म्हणायचं म्हातारी भ्रमिष्ट झाली. ती सावल्या बघत होती. कणीक मळताना सकाळचं ऊन हातावर यावं म्हणून स्वयंपाकघर पश्चिमेला. पलंग उत्तरेच्या बाजूला, जिथं उन्हाळ्यातही भिंतीवर ऊन चढत नाही. लिंबाचं झाड दक्षिणेच्या भिंतीशी, त्याला भाजून घ्यायची आवड आहे म्हणून. मी मुकाट्यानं मशीन चालू केलं.

आता गंमत अशी, की या गावात खड्डा नुसता आकाशासाठी असू शकतो यावर एकाही माणसाचा विश्वास बसेना. शेजारचा ड्रागान, सर्बियाचा, चाळीस वर्षं ओपल शोधून त्याच्याकडे फक्त पाठदुखी जमलेली. तो रोज कुंपणाशी यायचा आणि विचारायचा, रंग, म्हणजे ओपल, किती खोल लागला. मी म्हणायचो, चौक खणतोय. तो म्हणायचा, हो हो, माझी बायको पण चौकच आहे. मावशीला अर्ध्या गावानं भागीदारी विचारली. तिनं सगळ्यांना कॉफी पाजली आणि वर बोट दाखवलं. लोक वर बघायचे, तिथं काही नसायचं, मग आणखी संशय घ्यायचे.

मातीचा ढीग रस्त्यावर गेला, तसा कौन्सिलचा माणूस येऊन उभा राहिला. सोमवारपर्यंत रस्ता मोकळा नाही झाला तर काम बंद, म्हणाला. माझा ट्रक गॅरेजात खोलून ठेवलेला. मावशी मापासाठी जपलेल्या चादरी घडी करायला लागली. ते काही मला बघवेना.

त्या संध्याकाळी मी क्लबात गेलो आणि ड्रागानला स्वतःच्या पैशानं बिअर पाजली. अख्खा क्लब वळून बघायला लागला. मग मी त्याच्या कानाला लागून म्हणालो, ड्रागान, दोस्त म्हणून सांगतो, त्या ढिगाकडे फिरकू नकोस, तिथं काहीही नाही. एवढंच. बाकी, जाता येता ढिगावर मी घरातले बिनरंगी ओपलचे मूठभर तुकडे टाकले होते, ज्यांना काचेइतकीही किंमत नाही.

सकाळी उजाडायच्या आत चाळण्या आल्या. मग बादल्या आल्या, मग गाड्या. जागेवर चाळत बसलो तर दुसरा ढापेल म्हणून जो तो माती भरून घरीच न्यायला लागला. रविवारी रस्ता इतका साफ, की ड्रागाननं शेवटची धूळ झाडूनं भरली. मी त्याच्यासाठी सुपली धरली.

पण चाळण्यांबरोबर बातमीही पसरली. ओपल खात्याचा विल्मॉट साहेब येणार असं कळलं, आमच्या ईस्टरच्या आठवड्यातच. त्यानं चौकाला खाण ठरवलं, की खड्डा बुजवणार आणि माझ्या मशीनला सील. मावशीनं मला दारातच अडवलं.

"मेल्या, तुझ्या चेष्टेत माझं आकाश बुजायचं."

मी खाली मान घातली. मला सवय नाही, मान दुखली.

साहेब यायच्या आदल्या दिवशी पश्चिमेची भिंत तासायची तेवढी राहिली होती. मशीनचे दात फिरले आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर भिंतीनं डोळा उघडला. हिरवा, त्यात लाल, मान हलवली की निळा. ओपलचा बोटभर जाडीचा पट्टा, आडवा. मी मशीन बंद केलं. आयुष्यभर लोकांना खोट्या आशा विकल्या, आता खरीच समोर आली तर थुंकी लावून दोनदा पुसून बघितली. मावशीला हाक मारली.

ती एप्रनला हात पुसत आली. वाकली, बोट फिरवून बघितलं.

"छान आहे. कुठं जातो हा?"

आत जातो म्हणालो, स्वयंपाकघराच्या भिंतीमागे. कदाचित पुढंही.

"म्हणजे याच्या मागे लागलो तर स्वयंपाकघर गेलं."

मी म्हणालो मावशी, याच्या पैशात तू अशी दहा स्वयंपाकघरं बांधशील, ॲडलेडला, समुद्रासमोर. निदान अंगठ्याएवढा तुकडा तरी काढू दे. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नसून काकाच उभे आहेत.

"याच्या मागे ते गेले, त्यांच्या मागे मी गेले. चाळीस वर्षं आम्ही दोघं बिळात. आता ही भिंत इथंच उभी राहील. हिनं चमकावं नाहीतर नाचावं, माझं काही म्हणणं नाही."

आणि तिनं चुन्याची बादली पुढं सरकवली. आमच्यात ईस्टरआधी चौक पांढरा करतात, तिनं चुना कालच भिजवून ठेवला होता. कुंचा माझ्या हातात दिला. माझ्याच हातात. आयुष्यात इतकं जड काही उचललं नाही. पहिल्या हातात लाल रंग चुन्यातून डोकावला, दुसऱ्यात हिरवा तेवढा राहिला, तिसऱ्यात सगळं विझलं. मावशी शेजारी उभी राहून म्हणत होती, कोपऱ्यात नीट मार, तिथं ठिपका राहिला.

विल्मॉट साहेब आला. उंच, उन्हानं सोललेल्या नाकाचा, कमी बोलणारा. चारी खोल्या फिरला, पलंगाखाली वाकला, न्हाणीघरात डोकावला. मग चौकात येऊन पश्चिमेच्या भिंतीला हात टेकवला. पंजा पांढरा झाला. ओला चुना कशाला, त्यानं विचारलं. ईस्टर आहे, मावशी म्हणाली. त्यानं सरळ विचारलं, ओपल निघालं का.

मी थाप मारायला तोंड उघडलंच होतं, तर मावशीनं माझ्या पायावर पाय दिला.

"भिंतीत जे असेल ते भिंतीचं. मी वरचं खणून काढलं."

साहेबानं वर बघितलं. मग चारी कोपरे एकेक करून बघितले, कडा बघितल्या, एक डोळा मिटून भिंतीची रेष धरली. बराच वेळ. मग खिशातून रुमाल काढून हात पुसत म्हणाला की त्यानं जन्मभर खाणी बघितल्यात. ओपल शोधणारा माणूस सरळ खणूच शकत नाही, रंग दिसेल तिकडे वळतो. हा खड्डा काटकोनात आहे. एवढं काटकोनात खणणाऱ्या माणसाला ओपलचं वेड नाही, दुसरं कुठलं तरी आहे, आणि ते त्याच्या खात्याकडे येत नाही.

"बसा," मावशी म्हणाली. "कॉफी होईल."

तो बसला. खुर्ची उन्हात ओढून घेतली, डोळे मिटले, आणि त्याला उठायची घाई दिसेना. मावशीनं त्याच्यापुढं ईस्टरचं लाल अंडं ठेवलं आणि स्वतः मधोमध खुर्ची टाकली.

तेवढ्यात चौकात ठिपके ठिपके सावल्या पडल्या. वर बघतो तर काठावर अख्खं गाव ओणवं झालेलं. ड्रागान सगळ्यात पुढं, त्याच्या मागे क्लबातली मंडळी, कौन्सिलचा माणूसही. साहेब खाली बसून अंडं सोलतोय म्हणजे सौदा ठरला, असं त्यांना वाटलं असणार. काय निघालं, मावशी, काय निघालं, ड्रागान वरून विचारत होता.

मावशीनं झाडू उचलला, दांडा वर रोखला.

"तू निघालास. डोकी बाजूला घ्या सगळ्यांनी, माझ्या आकाशात आलीत."