कॅलेंडरातला सत्यनारायण

सोमवारी सकाळी अमेरिकेतल्या नोव्हायच्या ऑफिसात वल्लरीने नवं कॅलेंडर उघडलं. तिच्या नावापुढे 'सत्यनारायण' असं लिहिलेलं आता अख्ख्या कंपनीला दिसत होतं.

दोष द्यायचा कुणाला? गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या दोन कंपन्या एक झाल्या, तेव्हा दोन्हीकडचे ईमेल आणि कॅलेंडरं एका सिस्टीममध्ये आणायचं काम हिच्याच गळ्यात पडलं होतं. कॅलेंडरं सगळ्यांना उघडी ठेवणारं सेटिंगही बाईंचंच. सगळ्यांचं सामान नीट हलवलं आणि स्वतःचंच झाकायला विसरली!

सत्यनारायण म्हणजे दुसऱ्या कंपनीतला इंटरव्ह्यू. आता माणसं कमी होणार हे उघड होतं आणि वल्लरी व्हिसावर. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर चंबूगबाळं आवरून पुणं गाठा. जुना गोरा मॅनेजर पूजा म्हटलं की अदबीने मान डोलवायचा. नवा मॅनेजर मात्र देवदत्त, पलीकडच्या कंपनीतला, मूळचा नागपूरचा. पहिल्याच भेटीत त्याने दोन मुलींचे फोटो दाखवून "एवढाच आपला संसार" म्हटलं होतं. कुणाला काढायचं हे तोच ठरवणार होता.

ती घाईघाईने नोंदी पुसायला गेली, तर नव्या सिस्टीममध्ये बदल करणं दुपारपर्यंत बंद. तेही तिनेच ठरवलेलं. स्वतःचाच असा राग तिला कधी आला नव्हता.

"वल्लरी, एका महिन्यात चार सत्यनारायण?" देवदत्त मागे उभा होता.

"अहो, नवस होता."

"वर्किंग डेला? भर दुपारी?"

"गुरुजी झूमवर असतात."

"आणि प्रसाद एकदाही नाही यार," असं म्हणून तो हसला आणि केबिनमध्ये गेला.

तिला बसवेना. आपल्याला काढायची मीटिंग ठेवली असेल का, या धास्तीने तिने त्याचं कॅलेंडर उघडलं. गुरुवारी 'मुलाची मुंज'. पुढच्या गुरुवारीही मुंज. त्याच्या पुढच्याही.

दोन मुलींच्या बापाकडे!

ती तडक केबिनमध्ये गेली. "मुंजीला आहेर काय आणू?"

देवदत्तचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने उठून दार लावून घेतलं.

"मलाही काढतायत," तो हळूच म्हणाला. "तुझ्या गुरुजींकडे माझ्यासाठी शब्द टाकशील का?"