तट्ट्याआडचा बास्केटबॉल

मी बास्केटबॉल. चांद्याच्या कॉलेजातला, मुलींच्या संघाचा. मला पाहिलेल्या माणसांपेक्षा माझा नुसता आवाज ऐकलेली माणसं गावात पुष्कळ आहेत. धप, धप, धप. रस्त्याने जाणारे म्हणायचे, "आत पोरी धान कांडून राह्यल्या का काय?" तो आवाज कोणाच्या हातून निघत होता, ते गावाला ठाऊक नाही. ते सांगावं म्हणून आज बोलतोय.

माझा जन्म जालंधरचा. फाळणीत सियालकोट सोडून आलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. मेण लावलेला दोरा दातात धरून तो काम करायचा, म्हणून काम चालू असताना कोणाशी बोलायचा नाही. चामड्याच्या पाकळ्या जुळल्या, आत रबराचा फुगा गेला, हवा भरली आणि वरून वादी ओवून त्याने तोंड बंद केलं. मग मला एकदाच जमिनीवर आपटलं. मी त्याच्या छातीइतका उसळलो तेव्हा तो पहिल्यांदा हसला. मला वाटलं, जग असंच असणार. आपटायचं आणि उंच जायचं.

चांद्याला माझं पार्सल उघडलं ते नानाजी मास्तरांनी. नानाजी म्हणजे कॉलेजचे व्यायामशिक्षक. तरुणपणी कुस्त्या मारलेले, मान जाड, मन मऊ. त्यांनी मला दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

"हा फुटबॉल काऊन एवढा फुगला?"

"मास्तर, फुटबॉल नाई तो," बाजूला उभी असलेली एक बाई म्हणाली. "याले लाथ नाई मारत. हातानं खेळतेत."

"हातानं? एवढा जड? पोरीची बोटं मोडतीन ना."

"पोरी चिखलात धानाचं रोवणं रोवतेत, मोळ्या वाहतेत, तवा नाई मोडत बोटं?"

ही गोकुळाबाई. वैनगंगेच्या काठच्या, मासे धरून पोट भरणाऱ्या घरातली मुलगी. शिकायला नागपूरला राहिली, तिथे बास्केटबॉल शिकली आणि कॉलेजच्या संघातून खेळली. बुटकीच होती, पण चेंडू तिच्या हातात आला की तिची उंची कोणाच्या लक्षात राहत नसे. चांद्याच्या कॉलेजने मुलींचा संघ काढायचं ठरवलं तेव्हा तिला असिस्टंट कोच म्हणून घेतलं. कोच अर्थातच नानाजी. त्यांना हा खेळ येत नव्हता, पण कोच म्हटला की पुरुष हवा आणि मुलींच्या सोबतीला बाई हवी, असा कमिटीचा हिशेब होता.

मुलींच्या घरच्यांची एकच अट होती. पोरी खेळोत, पण रस्त्यावरून दिसायला नकोत. मग बिरजू बुरडाला बोलावलं. त्याने हिरव्या बांबूचे तट्टे विणले, माणसाच्या डोक्याहून हातभर उंच, आणि मैदानाच्या चारी बाजूंनी उभे केले. आत शिरायला एक फट ठेवली. आत वारा येत नसे. उन्हाळ्यात तर तट्टे तापून वास सुटायचा आणि मुलींच्या कपाळावरचा घाम पुसला तरी पुन्हा तसाच.

नानाजी पुरुष, म्हणून तेही आत यायचे नाहीत. ते तट्ट्याबाहेर खुर्ची टाकून बसत. गळ्यात शिट्टी. आतलं काही दिसत नसे, म्हणून कानाने खेळ चालवायचे. माझा आवाज भराभर आला की म्हणत, "दमानं, पोरींनो, दमानं!" आवाज थांबला की म्हणत, "झोपल्या का सगळ्या?"

"झोपलो नाई मास्तर, कमळाची वेणी सुटली," आतून गोकुळाबाई सांगायची.

"वेणी बांधाले कोचाची परवानगी लागते!"

"मग द्या ना परवानगी!"

मग शिट्टी वाजे आणि मुली हसत सुटत.

कमळा संघाची कॅप्टन होती. तिचा बाप बल्लारशाच्या कागदाच्या कारखान्यात कामाला होता आणि ती रोज गाडीने यायची. हात लांब, आवाज मोठा. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचून ती उडी मारायची तेव्हा बाकीच्या आपला खेळ विसरून तिच्याकडे बघत राहायच्या.

आता माझ्या गोष्टीतली खरी अडचण सांगतो. तट्टे होते, त्यामुळे आमच्या मैदानाला रेघच नव्हती. मी कुठेही फेकला गेलो तरी तट्ट्यावर आदळून परत यायचो. खेळ थांबायचा नाही. मुलींनी त्यातूनच एक युक्ती काढली. समोर कोणी आडवं आलं की कमळा मला बाजूच्या तट्ट्यावर मारायची. मी वळून नेमका पलीकडच्या मुलीच्या हातात. बांबू लवचीक, त्यामुळे मी अलगद परत येत असे. मला तो खेळ फार आवडायचा. काही केलं तरी आपण हरवत नाही, असं वाटायचं. कोंडलेल्याला कधी कधी भिंतीचाच आधार वाटू लागतो. माझं तसंच झालं होतं.

गोकुळाबाईच्या ते लवकर लक्षात आलं. उघड्या मैदानात मी रेघेबाहेर गेलो की चेंडू समोरच्या संघाचा होतो. एके दिवशी ती फटीतून बाहेर आली.

"मास्तर, महिनाभर तरी तट्टे काढा. या पोरीले उघड्यावर खेळाची सवयच नाई. नागपूरच्या सामन्यात फजिती होईन."

"मले समजते बाई. पण तट्टे काढले का घरचे पोरी काढतीन. मग कोणाले खेळवता?"

"निदान शिट्टी तरी मले द्या. मी आत चुन्याची रेघ मारतो. चेंडू रेघेपल्याड गेला का वाजवीन."

नानाजींनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. "शिट्टी कोचाकडंच राह्यते बाई. कमिटीनं पाह्यलं तर?"

तिने रेघ मारलीच. मुलींना बजावलं, "तट्टा नाई समजा. रेघ हाच शेवट." पण मी रेघेपलीकडे गेलो तरी बाहेर बसलेल्या मास्तरांना ते दिसायचं नाही. शिट्टी वाजायची नाही. मी तट्ट्यावरून परत यायचो आणि खेळ पुढे पळायचा. गोकुळाबाई ओरडून थकायची. चार दिवसांत रेघ मुलींच्या पायांनी पुसून गेली.

मग ती कमिटीचे अध्यक्ष दादाजी यांच्याकडे गेली. भातगिरणीचा मालक, पांढरं धोतर, बोलणं गोड. मला काखेत घेऊनच ती गेली होती, म्हणून मी ऐकलं. दादाजी म्हणाले, "तट्ट्याचं नाव काढू नका बाई. नागपूरले पोरी नीट खेळल्या तर खेळ राहीन. नाई तर शिवणाचा वर्ग काढू. त्यात काय वाईट आहे?"

म्हणजे तट्टे काढले तर संघ जाणार, आणि ठेवले तर सामना हातचा जाणार. परतताना वाटभर बाईची बोटं माझ्या शिवणीत रुतत होती.

परगावी ओळखीचं कोण बघणार, म्हणून घरच्यांनी नागपूरला जाऊ दिलं होतं. तिथलं मैदान पाहून आमच्या मुली दबकूनच उभ्या राहिल्या. चारी बाजूंनी माणसं, वर मोकळं आभाळ आणि जमिनीवर पांढरी रेघ. यजमानांच्या चेंडूची शिवण उसवली होती, म्हणून सामन्याला मलाच घेतलं. संघासाठी एकच खुर्ची होती, कोचाची. तिच्यावर नानाजी बसले. गोकुळाबाई मागे, पिशव्या आणि पाण्याची घागर सांभाळत.

खेळ सुरू झाला. समोर एक मुलगी आडवी आली आणि कमळाने सवयीप्रमाणे मला बाजूला मारलं. मी गेलो. जातच राहिलो. वाटेत काही आदळेचना. चणेवाल्याच्या टोपलीत जाऊन पडलो, चणे उडाले आणि लोक खदखदून हसले. त्याने मला परत फेकलं, पण चेंडू आता समोरच्यांचा होता. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग संघातल्या रुखमानेही तसंच केलं.

"चांद्याच्या पोरी दानशूर आहेत रे!" कोणीतरी ओरडलं. "मागायच्या आधीच देऊन राह्यल्या!"

कमळाचे डोळे भरून आले. तिच्या हातांना तट्टा हवा होता. खरं सांगतो, मलाही हवा होता.

मध्यंतराला नानाजी खुर्चीवरून उठले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तीन वर्षं या पोरीले शिकवून राह्यलो, आन् खेळताना आज पह्यल्यांदा पाहून राह्यलो. मले यातलं काई समजत नाई. तुम्ही बसा इथी."

"लोक काय म्हणतीन मास्तर?"

"लोकाले नंतर पाहू. पोरीले आता पाहा."

गोकुळाबाई खुर्चीच्या टोकावर बसली. मुलींना जवळ घेतलं. "माझ्या गावचं ऐका. ही रेघ म्हणजे वैनगंगेचा काठ. पल्याड डोह. डोंगा नाई, जाळं नाई. चेंडू तिकडं पडला का बुडाला. जिच्या हातात द्याचा तिचा हात पाहून द्या."

"आन् नागपूरच्या पोरी?" कमळाने नाक पुसत विचारलं.

"त्या मगरी समज."

मुली हसल्या आणि त्यांच्या अंगातली भीती निघून गेली. दुसऱ्या डावात मी क्वचितच बाहेर गेलो. हातातून हातात, छातीपासून छातीपर्यंत. गोकुळाबाई खुर्चीवरून सांगायची, आणि तिच्या आवाजामध्ये आणि मुलींमध्ये आता काहीच आडवं नव्हतं. मागे नानाजी घागरीतून पाणी काढून प्रत्येकीला देत होते. "मास्तर, मले!" "मास्तर, अर्धाच ग्लास?" ते लगबगीने वाढत होते.

आम्ही हरलो. पण थोडक्यात हरलो, आणि परतीच्या गाडीत मुली वर्ध्यापर्यंत गाणी म्हणत होत्या.

चांद्यात मात्र आमच्या आधी बातमी पोचली होती. सामना पाहायला गेलेल्या एका व्यापाऱ्याने गावभर सांगितलं, बाई खुर्चीवर आणि मास्तर पाणक्या. दादाजींनी दोघांनाही बोलावलं. मी बाईच्या काखेत होतो.

"हरल्याचं दुःख नाई," दादाजी म्हणाले. "पण मास्तर, तुम्ही पाणी वाढता? गाव हसून राह्यलं."

"मीच उठलो दादाजी. बाईले खेळ समजते. मले नाई समजत."

"मग आता समजून घ्या. वय थोडंच गेलं तुमचं?" दादाजी हसले. मग त्यांनी निर्णय सांगितला. कोच नानाजीच. बाई असिस्टंटच. खेळ बंद होणार नाही, पण तट्टे आणखी उंच होतील आणि मुली यापुढे कोणत्याही गावाला सामन्याला जाणार नाहीत. "पोरीचं अंग हलते, तेवढं पुरे. खूश ना बाई? खेळ राह्यला तुमचा."

खोलीत पंखा नव्हता. मला वाटलं, बाई हो म्हणेल. खेळ वाचत होता, नोकरी वाचत होती.

"दादाजी," ती म्हणाली, "तट्ट्यामुळंच पोरी हरल्या. पुन्हा तेच शिकव म्हणता. ते माझ्यानं होणार नाई."

"मग कराल काय?"

"आरमोरीले मुलीची शाळा आहे. बोलावून राह्यले. तिथी मैदान आहे, उघडं."

"आन् चेंडू?"

"चेंडू नाई."

"मग कायच्या कोच व्हाल तिथी?"

"मैदान तर आहे," ती म्हणाली.

"हा इथंच ठेवा. कॉलेजचा आहे."

तिने मला टेबलावर ठेवलं. टेबल जरासं कललेलं होतं. मी तिच्याकडे घरंगळलो. दादाजींनी माझ्यावर हात ठेवला. ती निघून गेली. नानाजी तिच्यामागे फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी कमळा आली नाही. मग एकेक करत कोणीच येईना. तट्ट्यांना वाळवी लागली आहे, तरी ते उभे आहेत. मला लोखंडी कपाटात ठेवलं, मुगदलांच्या शेजारी. बाजूने गंजाचा वास येतो, आत अंधार असतो. एकोणसाठ साल संपत आलं, असं परवा कोणीतरी बाहेर बोललं.

नानाजी अधूनमधून येतात. पंपाने माझ्यात हवा भरतात, चामड्याला टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल चोळतात आणि बोलतात, "बाईनं तिकडं चिंध्याचा चेंडू केला म्हणते. उसळत नाई तो. पण पोरी रेघ सांभाळतेत म्हणते." एकदा तर त्यांनी मला धोतराच्या घोळात घेतलं आणि दारापर्यंत गेले. तिथे थबकले. बाहेर पाहिलं, आत पाहिलं. आयुष्यभर सांगितलेलं ऐकत आलेला माणूस. त्यांनी मला परत जागेवर ठेवलं आणि किल्ली फिरवली.

मास्तर, मी रागावलो नाही. पण पुढच्या वेळी दाराशी थबकू नका. आरमोरीची गाडी धरा. माझं तिथे काय होईल ते मला माहीत आहे. पहिल्याच दिवशी एखाद्या नवख्या मुलीच्या हातून निसटून मी रेघेबाहेर जाईन, बांधापलीकडे, पार धानाच्या शेतात. गोकुळाबाई ओरडेल आणि ती मुलगी माझ्यामागे धावत सुटेल.

आजवर माझ्यामागे कोणी धावलं नाही, मास्तर. धावायला जागाच नव्हती.