महाराज आणि उंदरांचा आकडा

महाशिवरात्रीच्या सकाळी बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. त्रिलोचन महाराज वजनकाट्यावर उभे राहिले. पीयूष नावाच्या चेल्याने मोबाइलवर गुणाकार करून फळ्यावर आकडा लिहिला आणि त्यावर मथळा दिला, 'विज्ञानानुसार प्राणघातक मात्रा'. तेवढीच वाटलेली भांग तोलून थंडाईत ढवळली गेली. महाराजांनी ती घटाघटा रिचवली, दणदणीत ढेकर दिला आणि ते जिवंत राहिले. लोकांनी घंटा बडवल्या.

"विज्ञान हारी गयुं," महाराज गुजरातीत म्हणाले. "हवे प्रसाद लो, हृदयनी गोळीओ फेंकी दो."

कौमुदी औषधशास्त्र शिकवायची. ती धावतपळत आली ती वडिलांसाठी. जयवंतरावांच्या हृदयात स्टेंट होता आणि हातातला प्रसादाचा पेला अर्धा रिकामा झाला होता.

"अगं, विज्ञानाचाच आकडा आहे," ते म्हणाले. "तूच म्हणतेस ना, पुरावा बघा म्हणून?"

तिला राग आला आणि भीतीही वाटली. ती पीयूषकडे वळली. "हा आकडा कुठला?"

"बेन, नेट पर लख्युं छे. जोई लो."

तिने मोबाइल घेतला आणि मोठ्याने वाचलं. "हा उंदरांवरच्या प्रयोगाचा आकडा आहे. तोही भांगेचा नाही, तिच्यातून वेगळ्या काढलेल्या शुद्ध द्रव्याचा. तुम्ही त्याला महाराजांच्या वजनाने गुणलंत आणि तेवढा ओला पाला तोललात. पाल्यात ते द्रव्य नखाएवढंही नसतं. यात मरणार कोण?"

मागून कोणीतरी हसलं. महाराजांची चर्या उतरली, पण जीभ शाबूत होती. "एटले भांगथी कोई मरतुं नथी. पीओ."

"असंही नाही. आकडा प्रयोगाप्रयोगाला बदलतो. माणसावर तो कोणी मोजलेला नाही, मोजणारही नाही. आणि मेला की जगला, एवढंच तो विचारतो. दुखऱ्या हृदयाचं काय होतं, ते त्यात नाही."

तेवढ्यात जयवंतराव खुर्चीत बसले. कपाळावर घाम आला होता. "कौमुदी, छातीत धडधडतंय गं."

"शक्ती चढे छे," महाराजांनी घोषणा केली.

"ती ईसीजीत दिसेलच," ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

दवाखान्यात नाडीची धाव आवरायला डॉक्टरांना बराच वेळ लागला. जयवंतराव वाचले. त्यांनी विचारलं, "मग माणसासाठी खरा आकडा किती?"

"खात्रीचा आकडा कोणाकडेच नाही, बाबा."

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही?"

"नाही. आम्ही तसं सांगतो. फळ्यावर लिहून पेले वाटत नाही."

बडोदेकरांनो, आकडा दिसला की हात जोडू नका. तो कोणावर, कशाचा आणि कसा मोजला, एवढं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत हृदयाची गोळी वेळेवर घ्या.