चारशे डुकरे आणि एक खोटे उत्तर

मी एक जुने औषध आहे, जंतू मारणारे. मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून माझा जन्म झाला. मित्रांनो, एके काळी माझ्यामुळे न्यूमोनियाचे रोगी आठवड्याभरात उठून बसत. त्या कौतुकाची आज मला लाज वाटते.

ब्राबांट या डच प्रांतात, ड्रीक नावाच्या शेतकऱ्याच्या डुकरांच्या शेडमध्ये मी पिवळी पूड होऊन एका पांढऱ्या बादलीत राहत असे. एखादे डुक्कर खोकले की ड्रीकची मुलगी हानेके साऱ्या चारशे डुकरांच्या खाण्यात मला मिसळत असे. त्यातून वाचलेल्या निगरगट्ट जंतूंनी हळूहळू माझे सारे डाव ओळखले.

यंदाच्या हिवाळ्यात ड्रीकला फ्लू झाला. दवाखान्यात दाखल करताना नर्सने नेहमीचा प्रश्न विचारला, "घरी डुकरं आहेत का?" 'हो' म्हणणाऱ्याला निराळ्या खोलीत ठेवतात, त्याच्या नाकात असे निगरगट्ट जंतू आहेत का ते तपासतात आणि भेटायला येणाऱ्यांना मास्क, हातमोजे घालायला लावतात.

"विकली सगळी," ड्रीक म्हणाला.

"विकली? मग हा वास कसला हो, काका?"

"जावयाचं अत्तर आहे ते!"

नर्स हसली. हानेकेही हसली. बाबांचा हात मोज्याशिवाय धरता यावा म्हणून ती गप्प राहिली. त्याच सकाळी तिने बादलीत हात घातला होता.

फ्लू विषाणूमुळे होतो. विषाणूपुढे माझे काही चालत नाही. तरी 'असलेलं बरं' म्हणून डॉक्टरांनी मला सलाईनमधून दिले. मी ड्रीकच्या अंगातले निरुपद्रवी जंतू मारले आणि शेडमधून आलेल्यांना रान मोकळे करून दिले. सहाव्या दिवशी ते फ्लूने दुबळ्या झालेल्या फुप्फुसांत उतरले. मी तिथेच होतो. ते माझ्यादेखत वाढत गेले.

हानेके नर्ससमोर जाऊन उभी राहिली. "सिस्टर, डुकरं आहेत. चारशे. त्यांना औषध मीच घालते."

नर्सने आधी मास्क चढवला. मग म्हणाली, "अगं, मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

ड्रीकला निराळ्या खोलीत हलवले. दुसरे औषध आणले. पण उशीर झाला होता. अखेरच्या दिवशी हानेकेने बाबांचा हात धरला, तो निळ्या मोज्यातूनच.

मित्रांनो, मला सरसकट वाटू नका, उगाच घेऊ नका. आणि कोणी विचारले तर खरे सांगा.

परवा शेडमध्ये एक डुक्कर खोकले. हानेकेने झाकणावर हात ठेवला, मग काढून घेतला आणि गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"एकच खोकतंय," ती म्हणाली. "तुम्ही आधी येऊन बघा. तोवर मी बादली उघडत नाही."